रेघेपर्यंत पाणी

माझ्या नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही. ‘हे’ म्हटलं की तेच समजावं. पासष्ट-सहासष्ट सालच्या सुमारास हे दुबईत एका पॉवरहाऊसमध्ये फिटर होते आणि लग्नानंतर चार वर्षांनी मी एकदाची तिथे पोचले होते. तिथल्या देरा वस्तीत दोन खोल्या, वर एक पंखा, आणि पिण्याचं पाणी गाढवावरून येणारं, डब्यांच्या मापाने. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण घोटभर पाण्याची मारामार. माझं माहेर कुलाबा जिल्ह्यातलं, मिठागरांच्या गावातलं. समुद्राच्या या थट्टेची मला सवय होती.

आधी भावजींचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. यांचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा, लग्नाला सात महिने झालेले. कागदपत्रं काही नव्हती, म्हणून रत्नागिरीकडून निघालेल्या एका लाँचीत चोरून चढला. अशा लाँची दुबईच्या खाडीत येत नसत. पार पूर्वेच्या किनाऱ्याला, खोरफक्कानला, डोंगर दिसायला लागले की माणसांना पाण्यात उतरवायच्या आणि मागच्या मागे फिरायच्या. पोहत जायचं, पोचेल तो पोचेल. त्या खेपेला अठराजण उतरले आणि पंधरा काठाला लागले. भावजी त्या पंधरांत नव्हते. मेलेलेही सापडले नाहीत.

हे चार वेळा खोरफक्कानला जाऊन आले, मालाच्या ट्रकवर बसून, डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटेने. तिथला एक म्हातारा मासेमार यांच्यासाठी बुड्या मारून तळ शोधायचा. मेलेल्या माणसाला शोधायचे पैसे घेणार नाही म्हणाला. चौथ्या खेपेला त्याने तळावरून एक दगड वर आणला आणि म्हणाला, “मरजान. हय्य, जिंदा है. इसका पैसा दो, भाई का नहीं. भाई खलास.” यांनी दहा रुपये दिले, तेव्हा तिथे रुपयेच चालत, आणि तो दगड रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात, समुद्राच्या पाण्यात बुडवून घरी आणला.

“हे काय आणलंत?” मी विचारलं.

“प्रवाळ आहे. जिवंत आहे.”

“दगड आहे.”

“संध्याकाळी बघ.”

पॉवरहाऊसमधल्या इंग्रज इंजिनीअरला घरात समुद्रातले मासे पाळायचा नाद होता. त्याने आपली जुनी काचेची टाकी दिली, लोखंडी चौकटीची, आणि हवा सोडायचा एक छोटा पंप. सोबत नियम दिले, ते यांनी मला मदरशात सबक घोकून घेतात तसे घोकून घेतले. ऊन थेट पडू द्यायचं नाही, पण उजेड हवा. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. आठवड्यातून एकदा कोळंबी अगदी बारीक वाटून तिचं पाणी सोडायचं. दर शुक्रवारी दोन डबे पाणी बदलायचं, तेही उघड्या समुद्राचं, खाडीचं नको, तिथे लाँचींचं तेल असतं. शेवटी यांनी काचेवर लाल रंगाने एक रेघ मारली.

“पाणी उडून जातं. रेघेखाली गेलं की भरायचं. पण गोडं पाणी हां, साहेबाने दोनदा बजावलंय.”

“प्यायचं पाणी दगडाला? गुनाह लागेल आपल्याला.”

हे उठले. सायकलीला डबे अडकवून समुद्राकडे गेले.

संध्याकाळी तो दगड उघडला. दिवसभर तपकिरी, मुठीएवढा, मेलेला दिसणारा. उजेड उतरला की त्याच्या प्रत्येक भोकातून हिरवट बोटं बाहेर यायची, तांदळाच्या दाण्याहून बारीक, आणि पाण्यात हलायची. मी मासळीवर वाढलेली बाई, समुद्रातलं काही बघून दचकणारी नव्हे. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. काहीतरी चाचपत होतं ते.

हे टाकीसमोर उकिडवे बसले होते. वळून न बघता म्हणाले, “हे उघडतंय तोवर मी गावी काही कळवणार नाही.”

हे ऐकून मला काय वाटलं ते समजायला आमच्याकडची रीत सांगायला हवी. नवरा मेला तर बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत बसते, बांगड्या उतरवते, मग तिचं आयुष्य पुन्हा मोकळं होतं. पण नवरा नुसता हरवला असेल तर ती विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. गावच्या काझींनी सांगितलं होतं, थोरल्या भावाची चिठ्ठी येऊ दे, तो मेला असं त्याने लिहू दे, मग बघू. म्हणजे माझी धाकटी जाऊ, एकोणीस वर्षांची पोर, यांच्या एका चिठ्ठीवर अडकली होती. आणि यांची चिठ्ठी एका दगडावर.

रोज संध्याकाळी हे कामावरून आले की आधी टाकीपाशी. “उठलास का रे?” म्हणायचे. ‘रे’ म्हणायचे. पंपाची घरघर दिवसभर चालायची, घरात कुणीतरी आजारी माणूस श्वास घेत पडल्यासारखी. मी एकटी असायचे. स्वयंपाक करताना पाठ टाकीकडे केली की मानेवर कुणाची तरी नजर वाटायची आणि मी डोक्यावरून ओढणी घ्यायचे. एकदा दुपारी तीन ताटं वाढली गेली माझ्या हातून. तिसरं मी घाईघाईने उचलून भात पातेल्यात परत टाकला. यांना सांगितलं नाही. मला त्या टाकीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. मेलेल्या माणसाची एवढी बडदास्त आणि जिवंत पोरीची कुणाला पर्वा नाही!

वैशाखाच्या सुमारास जावेचं पत्र आलं. तिला लिहिता येत नव्हतं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. सगळ्यांची खुशाली, आंब्याची, म्हशीची. शेवटी एक ओळ: “भाभी, ईदेला मी बांगड्या भरू की नको, ते भाईंना विचारून कळवा.” परक्या माणसाला सांगून याहून जास्त ती काय लिहिणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी ते पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “उघडलंय अजून.”

मग उन्हाळा असा पेटला की टाकीतलं पाणीच कोमट झालं. इंजिनीअरने सांगितलं म्हणून काचेला ओलं गोणपाट लावलं आणि पंखा सोडला. त्याने पाणी गार राहिलं, पण उडायला लागलं. दोन दोन बोटं रोज. रेघेपर्यंत आणायला माझा निम्मा डबा गोडं पाणी जायचं. त्यातच गाढववाला दोन दिवस आला नाही. घरात एकच डबा उरलेला. भांडी घासायला समुद्राचं पाणी भरून ठेवलेलं असायचं, त्यातलं तांब्याने काढून मी टाकीत ओतलं. रेघेपर्यंत. समुद्रातलंच आहे ते, समुद्राच्या पाण्याने काय होणार त्याला, असं मी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी गाढववाला आला. चारही डबे भरले. तरीही मी समुद्राचंच पाणी ओतलं. चौथ्या दिवशीही, आणि मग रोज.

इथे मला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. माझे वडील मिठागरावर मुकादम होते. वाफ्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ उडत नाही. मग त्यावर पुन्हा समुद्राचं पाणी, पुन्हा ऊन. मीठ असंच पिकतं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पाणी रेघेपर्यंत दिसत होतं आणि आत मी मीठ पिकवत होते. कळत होतं पण वळत नव्हतं असं लोक म्हणतात. माझं उलट होतं की काय, ते मला आजही ठरवता येत नाही. ओतताना माझ्या मनात जावेच्या बांगड्या होत्या, एवढं मात्र पक्कं आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात बोटं बाहेर येईनाशी झाली. मग दगडावर बुळबुळीत साय धरली. मग एका बाजूने तो पांढरा पडत गेला आणि एका सकाळी सगळाच पांढरा होता, धुतलेल्या हाडासारखा. हे कामावर गेले नाहीत. पंप बंद केला. घरात इतकी शांतता झाली की मला रडूच फुटलं. यांना वाटलं मी भावजींसाठी रडतेय. मीही तसंच वाटू दिलं. दुपारी यांनी कागद घेतला आणि चिठ्ठी लिहिली. चारच ओळी.

जाऊ इद्दतीत बसली. दोन वर्षांनी तिचा दुसरा निकाह झाला, शेजारच्या गावच्या दुकानदाराशी, भला माणूस. तिला तीन मुलं झाली. सुट्टीला गावी आले असताना एका लग्नात भेटली तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “भाभी, चिठ्ठी आली नसती तर मी त्या घरात सुकून गेले असते.” मी तिच्या कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्यांकडे बघत राहिले. मला खूप बरं वाटलं आणि त्याच क्षणी मनात आलं: समजा भावजी कुठल्या दुसऱ्या किनाऱ्याला लागले असतील, कुठल्या तुरुंगात असतील, आणि उद्या दारात उभे राहिले तर? दुबईत असेपर्यंत मी गर्दीत प्रत्येक सडपातळ पाठमोऱ्या माणसाच्या पुढे जाऊन त्याचा चेहरा बघायचे. टाकी जिथे होती त्या भिंतीवर पांढरा खार फुटायचा. दरवर्षी चुना मारला तरी फुटायचा.

गावी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी हे अंथरुणाला खिळले. एक दिवस मी त्यांना पेज भरवत होते. पेजेत मीठ कमी पडलं म्हणाले, आणि मग सहज, काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, “ते पाणी खारट झालं होतं. मी बोट बुडवून चाखलं होतं.”

माझा चमचा तसाच राहिला. “कधी?”

“पांढरं पडायच्या आठेक दिवस आधी. साहेब म्हणायचा, सगळं पाणी बदललं तर वाचतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू ओतत होतीस. म्हटलं, ओतू दे. माझ्या हातून झालं नसतं ते.”

इतकी वर्षं मी हे एकटीने उरावर घेऊन फिरले होते आणि हा माणूस शेजारी झोपत होता. मी इतकी चिडले की वाटी आपटून परसात गेले. राग ओसरल्यावर परत आले, तोंड पुसलं त्यांचं. चिठ्ठी गेली होती, इद्दत झाली, निकाह झाला, पण आमच्या घरात भावजींच्या नावाने कुणी फातिहा, मेलेल्यासाठीची दुवा, पढली नव्हती. मी कधी विषय काढला नाही, का ते मला माहीत होतं. त्यांचं कारण मला त्या दिवशी कळलं.

“आता तरी पढूया का?” मी म्हटलं. “दोघं मिळून. तेवढं तरी करूया त्यांच्यासाठी.”

हे आढ्याकडे बघू लागले.

“आणि आला तर?” म्हणाले.

मी वाटी उचलली आणि उरलेली पेज भरवली.