वांग्यांची गोणी

थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. ती एरंडोलजवळच्या खेड्यात राहते. धुळ्यातील एका खासगी दवाखान्यात तिच्या गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर पोटदुखी सुरू झाली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून दुखणे मनाचे असल्याचे सांगितले. घरात तिच्या जाऊबाईचे निदान त्याहून थोडक्यात होते: "दुखनं नही, कटाया शे." म्हणजे कंटाळा, कामचुकारपणा.

पुढे जळगावच्या एका सर्जनने पुन्हा पोट उघडले. आत गॉजचा बोळा निघाला. दुखणे थांबले, पण अक्काचे तेवढ्यावर भागले नाही. दुखणे खरे होते, हे सरकारी कागदावर यावे आणि जाऊबाईच्या कानावर पडावे, असे तिचे म्हणणे होते. भरपाईविषयी ती वकिलांशी बोला म्हणायची.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मी जळगावात कोर्टाच्या बातम्या करतो, त्यामुळे तारखांना जाणे माझ्याकडे आले.

धुळ्याच्या डॉक्टरांच्या लेखी जबाबात बोळा आपला नसल्याचे म्हटले होते. सोबत एक फोटो होता. दवाखान्याच्या टेबलावर भरिताच्या हिरव्या वांग्यांची गोणी आणि शेजारी हसणारी अक्का. तपासणीला जाताना ती गोणी घेऊन गेली होती. तिच्या नोटिशीनंतरही एक गोणी धुळ्याला पोहोचली होती, असे जबाबात पुढे नमूद होते.

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "अक्का, हे आधी सांगायचं ना!"

"त्यामा काय सांगानं?" अक्का म्हणाली.

युक्तिवादाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी फोटो उंच धरला. पोटात बोळा राहिलेली बाई अशी हसेल का, अशा डॉक्टरला वांगी देईल का, असा त्यांचा सवाल होता. अध्यक्षांनी अक्कालाच पुढे बोलावले.

"दुखत असताना वांगी नेलीत?"

"वावरमा वांगा लागनात, साहेब. पोट दुखस म्हनीसन वांगा थांबतस का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखे केले.

"आणि हसत का होतात?"

"नर्स म्हने हास. फोटोमा रडतस का कोनी?"

"बरं. नोटिशीनंतरची गोणी?"

"नोटीस वकीलनी धाडी. वांगा मी धाडात."

अध्यक्ष हसले. समोरच्या वकिलांनी फोटो फाईलमध्ये ठेवला आणि पुढचा मुद्दा घेतला. जळगावच्या आधी, धुळ्याखेरीज अक्काच्या पोटाचे कोणतेही ऑपरेशन झालेले नव्हते, म्हणजे बोळा धुळ्याचाच होता, हे वैद्यकीय मंडळाच्या अहवालात स्पष्ट होते. निकाल तिच्या बाजूने लागला.

त्या हिवाळ्यात शेतात भरीत झाले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली आणि लाकडी बडगीत ठेचली गेली. अक्का बाजेवर बसली होती. जाऊबाई चुलीपाशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटत होती. पंगत बसायच्या आधी अक्काने मला निकाल वाचायला सांगितले. मी भरपाईच्या परिच्छेदापासून सुरुवात केली.

"ते नको. ते दुसरं वाच."

'तक्रारदार यांच्या वेदना काल्पनिक नव्हत्या,' असे वाक्य होते. मी ते वाचले.

"आखो एकदाव."

पुन्हा वाचले.

"मोठाथीन वाच. तिले चुल्हाजोडे ऐकू येस नही."

तिसऱ्यांदा वाचल्यावर जाऊबाईने लाटणे आपटले. "ऐकं वं माय, बठ्ठं ऐकं! तुनं दुखनं खरं व्हतं. मी चुकनू. आते दुखस का काही?"

"नही."

"मंग ऊठ ना, पुऱ्या लाट!"

अक्काने बाजेवर पाय लांब केले.

"आते कटाया शे," ती म्हणाली.

सगळ्यात आधी जाऊबाईच हसली. पुऱ्या शेवटपर्यंत तिनेच लाटल्या.