गुरुवारची सुट्टी

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी चारला ऑफिसातल्या कंप्युटरवरचं कामाचं वेळापत्रक आणि क्लाउडवरचं वेळापत्रक जुळवायला बसले. हे काम दर बुधवारी माझ्याकडेच असतं. साहेबांना कागदावर प्रिंट लागते, ती कंप्युटरवरून निघते. साईटवरचा सुपरवायझर रोजचं काम मोबाइलवरून क्लाउडवर भरतो. कारंज्याच्या पुढे एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधतोय आम्ही.

तेवढ्यात त्या सुपरवायझरचाच फोन आला.

"मॅडम, साहेबानं उद्या दहाले बोलावलं. साईट काढून घेतो म्हणते. मी लेट काऊन दिसून राह्यलो?"

तो लेट दिसत होता तो माझ्या प्रिंटमध्ये. चार दिवस मागे, पिवळ्या रंगात. पिवळा रंग मीच दिला होता. मी त्याला म्हटलं, रविवारी काम बंद ठेवता तसं गुरुवारीही ठेवता, मग काय होणार?

तो म्हणाला, "रविवारी तं आम्ही काम करतो. गुरुवारी इथं बजार रायते, एकबी मजूर येत नाई. तुमच्या कंप्युटरले एकदा बजार दाखवा मॅडम."

फोन ठेवून दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. क्लाउडवरच्या कॅलेंडरमध्ये त्यानं पहिल्याच आठवड्यात गुरुवारची सुट्टी टाकली होती. माझ्या कंप्युटरवर सुट्टी रविवारची. त्यामुळे त्याचं रविवारचं काम माझ्याकडे उतरतच नव्हतं, आणि गुरुवार कामाचा असून रिकामा दिसत होता. चार आठवडे, चार दिवस. मी दर बुधवारी तारखा जुळवत होते, कॅलेंडर एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

सुट्टी बदलायला पाच मिनिटं लागली. चारही दिवस भरून निघाले. साहेबांना फोन लावला, ते नागपूरला गेले होते, उचलला नाही. तीनदा लावला. मेसेज टाकला, तो पाहिला नाही. बस स्टँडपर्यंत चालत जाताना आणखी दोनदा लावला. घरी कणीक मळून ठेवली आणि लॅपटॉप उघडून दोन्ही फाइली पुन्हा ताडून पाहिल्या. जुळत होत्या. पोळ्या झाल्यावर परत पाहिल्या. तारखा गुपचूप सुधारून दिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण साहेबांनी जुनी प्रिंट पाहिली होती, त्याच्यावर उशिराचा शिक्का तसाच राहिला असता.

सकाळी साडेनऊला ऑफिसात पोचले तर तो बाकावर बसलेला, मांडीवर रिकामी पिशवी. "बजार बुडला आज," एवढंच म्हणाला. मी त्याला तिथंच बसायला सांगितलं. जुनी आणि नवी अशा दोन प्रिंट काढल्या, जुनीवर चारही रविवारांना पेनानं गोल केला, खाली "चूक माझी" लिहून सही केली आणि साहेब आल्याबरोबर त्याच्याआधी आत गेले.