प्रिंटरचं कव्हर

चपला सगळ्यांनीच दाराबाहेर काढल्या. मला हेडक्लार्क म्हणाले, "तू बाहेरच थांब गो. आत गर्दी नको."

आत पाचजण. खोली चांगली ऐसपैस. कसली डोंबलाची गर्दी!

ऐंशीचं दशक सरत आलेलं. रत्नागिरीतल्या आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आलेला, सोबत प्रिंटर. धूळ नको म्हणून त्या खोलीत चपला बंद. शिकवायला मुंबईहून माणूस आलेला, तीनच दिवसांसाठी. टाइपरायटर आता बंद होणार, असं साहेबांनीच सांगितलेलं. टायपिस्ट मी एकटी. म्हणजे हे शिकले नाही तर माझी खुर्ची गेली. हेडक्लार्कांना ते ठाऊक होतं. "सवलतीतून आलीस, तेवढं पुरे झालं," म्हणायचे. माझी वाडी कुठली, ते त्यांनी आडनावावरून पहिल्याच दिवशी ओळखलेलं.

दीड दिवस दारात उभी राहून बघितलं. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं, ती प्रिंटरच्या दात्यांवर बसवायची. हेडक्लार्कांनी एकच बाजू बसवली. कागद तिरका गेला, ओळीवर ओळ चढली. मी दारातूनच म्हटलं, "डावी बाजू सुटल्ये." कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे खायला गेले आणि मी आत शिरले. कागद बसवला. शिकवणाऱ्याने दाबलेली बटणं तशीच दाबली. टर्र टर्र करत पत्र छापून आलं. सरळ! अशी हरखले की मागची पावलं ऐकूच आली नाहीत.

हेडक्लार्क ओरडले नाहीत. प्रिंटरचं कापडी कव्हर त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"हात लावलास ना? आता धुवून आण."

आणि मी धुतलं. नळावर, सगळ्या ऑफिससमोर. काय करणार होते? नोकरी कायम नव्हती. आईने काजूच्या कारखान्यात चिकाने बोटं जाळून घेऊन मला टायपिंगला घातलेलं. कोणी विचारलं तर डोळ्यात साबण गेला म्हटलं. तो दिवस आठवला की आजही मला माझीच चीड येते.

तिसऱ्या दिवशी चपला काढल्या आणि सरळ आत गेले. प्रिंटरवर हात ठेवला.

"हात काढ," हेडक्लार्क म्हणाले.

"नाही काढणार. कव्हर धुवायचं तर तुम्ही धुवा. रोज धुवावं लागेल."

शिकवणारा खाली मान घालून बसलेला. मी त्याच्याकडे वळले.

"सर, कागद लावता येतो मला. पुढचं सांगा."