फ्लेक्सवरची एक चांदणी

शिकलेल्याला कागद मिळतो आणि ज्यानं शिकवलं तो तसाच राहतो, याचा मला राग होता. अजून आहे. त्या रागात मी पत्रकं लिहायचे: ‘हाताला अक्कल आहे, तिची नोंद करा!’ शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांना आमची संस्था मोबाइलवर डिजिटल बॅज मिळवून द्यायची. परीक्षा द्या, कामाचा व्हिडिओ पाठवा, बॅज घ्या. पलूसच्या रस्त्यावर चाचांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान होतं. त्यांना यात ओढलं ते मीच.

चाचा चौथीत शाळेतून सुटलेले. जळालेली मोटार उघडली की आधी नाक लावायचे. ‘तीनाऐवजी दोन फेजवर चालवलीस,’ म्हणायचे आणि मालक मान खाली घालायचा. या पट्ट्यातल्या निम्म्या वाइंडिंगवाल्यांनी पहिली कॉइल त्यांच्यासमोर बसून भरलेली.

‘मला कशाला गं बॅज? आता शाळंत बशिवतीस व्हय?’

‘आवं चाचा, पाणीपुरवठा सोसायटी यंदा कागद बघून काम देणार हाय. इतकी वर्षं तुमीच करताय, कागदापायी जाईल.’

त्यांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. सोसायटीच्या मोठ्या मोटारींवरच दुकान चालायचं. सुटी कामं काय, उन्हाळ्यापुरती.

परीक्षेचे प्रश्न मी वाचले, उत्तरं त्यांनी सांगितली. एका प्रश्नाला म्हणाले, ‘ह्यातलं एकबी बरोबर न्हाई. लिवणाऱ्यानं मोटार खोलली न्हाई कवा.’ मी हसले आणि त्यातल्या त्यात जवळचं उत्तर दाबलं.

बॅज आला. निळं गोल चिन्ह, खाली पाच चांदण्या. एक भरलेली, चार रिकाम्या. दुसरी चांदणी भरायला दहावीचा दाखला लागतो, हे मला तेव्हाच माहीत होतं. तिथंच भांडायला हवं होतं. बाकी सगळ्यांशी भांडत होते की मी! पण आमच्या गटाचा तो पहिला बॅज, आणि मला यश दाखवायचं होतं. आपल्याकडं यश म्हणजे फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस असो, कुणी भरती होवो, कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो. मीही लावला, दुकानासमोरच्या चौकात. इस्त्रीचा सदरा घातलेले चाचा, ‘हार्दिक अभिनंदन’, आणि शेजारी त्यांच्या चेहऱ्याएवढा बॅज. मोबाइलवर चांदण्या मुंगीएवढ्या होत्या. फ्लेक्सवर त्या रस्त्यापलीकडून मोजता येत होत्या.

‘चाचा, एकच चांदनी?’ दुकानात चहाला टेकलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं. ‘आमच्या नातीला गेममदी तीन मिळत्यात.’

‘तुझी मोटार जळू दे, मग दावतो चांदन्या,’ चाचा म्हणाले. सगळे हसले. मीही.

दोन दिवसांनी सोसायटीचा नवा सचिव चौकात थांबला, फ्लेक्सचा फोटो काढून गेला. काम चाचांच्याच एका शिष्याला मिळालं. आयटीआय झालेला, तीन चांदण्यांचा. मी सचिवाकडं तावातावानं गेले. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, पाचातली एक, असं तुमीच चौकात लावलंय. आमी काय येगळं म्हनतोय?’

मग बरेच दिवस मी त्या रस्त्यानं गेलेच नाही.

गेले तेव्हा दुकानासमोर टेम्पो उभा होता. तो शिष्य सोसायटीची जळालेली मोटार घेऊन आलेला, शाळेतल्या पोरासारखा उभा. चाचांनी नाक लावलं. ‘दोन फेजवर चालवलीया त्यांनी. तुझं वाइंडिंग चांगलं हाय रं. बस, तार घे.’

मोटारीखाली फ्लेक्स अंथरला होता, पाठीमागची पांढरी बाजू वर. काळ्या तेलानं ती भरली होती.

‘चाचा, चुकलं माझं. मी वरच्यांना लिहिते, चांदण्या वाढवायला लावते.’

‘ऱ्हाऊ दे. हाय ती काढायची कशी, तेवढं सांग.’

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. बॅज दाखवायचं बटण होतं, सगळ्यांना पाठवायचं होतं. काढायचं कुठंच नव्हतं.

‘निघत न्हाई?’ त्यांनी विचारलं आणि माझ्याकडं न बघता कॉइल भरायला घेतली.