पायाळूचा पाय

माझा जन्म पायांकडून झाला. डोकं जगात यायला का-कू करत होतं, पाय मात्र आधीच बाहेर पडले. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्यानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण पळते, असं सगळं वऱ्हाड मानतं. सात समुद्रांपलीकडे कुठंशी लढाई जुंपली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीच्या बाजारात कापूस एवढा उडायचा की कावळेही बगळे दिसत. बोजे उचलून हमालांच्या पाठी धरल्या आणि माझ्या दारात रांगा लागल्या. एकाला तर अशी लाथ हाणली की तो थेट बडनेऱ्याला जाऊन पडला. उठला तो ठणठणीत!

त्याच हंगामात बायको बाळंत झाली. पोरगी गुटगुटीत, पण बाळंतिणीची कंबर अशी धरली की उठून बसता येईना. पोरीला पाजायचं तरी माझ्या मायनं तिला कुशीवर वळवावं लागे. शेक झाला, तेल झालं, पोट बांधून झालं.

"हमालाईले मारता न," बायको कळवळून म्हणाली, "मंग मलेच काहून नाई? घाला एक लाथ!"

"ओल्या बाळंतिणीले लाथ मारशीन तं तंगडी तोडीन तुही!" माय गरजली.

मी पाय उचलला होता. हत्ती लोळवणारा तो पाय गुपचूप खाली ठेवला.

मग एक बैरागी आठवला. लाथेच्या बदल्यात त्यानं मला आसन शिकवलं होतं : उताणं निजायचं, श्वास सोडत पोट आत ओढायचं, हळूच गुडघे छातीशी घ्यायचे. दाखवायला म्हणून मी तिच्या बाजेशेजारी भुईवर पडलो, ऐटीत गुडघे ओढले, आणि कडकन् माझीच उसण भरली! उलट्या किड्यासारखा पडून राहिलो.

"आता तुमाले कोन लाथ मारन?" ती पोट धरून हसली. "हसवू नका, दुखते. सांगा, श्वास केव्हा सोडाचा?"

ती बाजेवर, मी भुईवर. दारातल्या हमालांना माय सांगे, "पायाळूच पडला!" बायको आधी नुसता श्वासच सोडायची, बऱ्याच दिवसांनी एक गुडघा, मग दुसरा.

एके दुपारी माय विहिरीवर गेली आणि पोरगी रडली. मी उठायला गेलो, कण्हलो. बायको कुशीवर वळली, कोपरावर रेलली आणि उठून बसली. पोरीला तिनं पदराखाली घेतलं.

"हळू!" मी म्हणालो.

"तुमी पडा तिथंच," ती म्हणाली. "पेऊ द्या तिले."