अब्बांची छत्री

अहमदपूरच्या शारिकनं उभी जवानी माहितीपट काढण्यात घातली. देवणी बैलांवर काढला, माहूरच्या गडाखाली बांगड्या विकणाऱ्या नीलाबाईवर काढला. पार दिल्लीपर्यंत नाव झालं गड्याचं. पण घरी अम्मीला, मलिकाबींना, विचारलं तर त्या म्हणायच्या, "बैलांचे फोटो काढतो." आता काय बोलणार!

या सगळ्या भटकंतीत त्याच्या सोबतीला एकच कायमचा माणूस, त्याचे अब्बा. जिलानी टेलर. बसस्टँडसमोर त्यांचं दुकान. पोरगा कॅमेरा घेऊन निघाला की मशीनवर कापड टाकायचं, मोठी काळी छत्री उचलायची आणि मोटारसायकलवर मागं बसायचं. "कॅमेऱ्याला ऊन लागतं," म्हणायचे. अहो, ऊन काय एकट्या कॅमेऱ्याला लागतं? पण पोराच्या मानेवर सावली धरायचीय असं सरळ सांगतील तर ते जिलानीभाई कसले!

खोड एकच. समोरचा माणूस मनातलं बोलायला लागला, शॉट रंगात आला, की नेमका मागून आवाज यायचा, "हुआ क्या रे?" काम आटोपलं का, एवढंच विचारायचं असायचं त्यांना. झालं! सगळा आवाज खराब. शारिक भडकायचा, "अब्बा, चुप रहो ना!" छायाचित्रणाचा धर्मच तो. कॅमेऱ्यामागच्यानं बोलायचं नाही, फ्रेममध्ये यायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. बोलण्याचं सोडलं तर अब्बांनी बाकी सगळं इमानदारीनं पाळलं. आणि घरी आल्यावर शारिक तेवढा आवाज कापून टाकायचा, नको ते पुसून कार्ड रिकामं करायचा. दुसऱ्या दिवसासाठी.

मागल्या साली अब्बा गेले. चालते-बोलते गेले. चाळिसावा झाल्यावर शारिक सगळ्या हार्ड डिस्क घेऊन बसला. नीलाबाई होती, हणमंतरावांचा देवणी बैल होता, त्या बैलानं शेपटी झाडलेलीसुद्धा होती. अब्बा कुठंच नव्हते. ना चेहरा, ना आवाज. मोबाइलमध्ये दोन-चार फोटो निघाले, तेही लग्नातले, ताठ उभे. साऱ्या मुलखाचं जपून ठेवलं आणि घरचं माणूस स्वतःच्या हातानं पुसलं की हो यानं!

मग त्यानं माहितीपट सोडला आणि गोष्टीचा सिनेमा लिहायला घेतला. दोस्त म्हणाले, "आता हिरोइन नाचवणार वाटतं!" तो हसला आणि लिहीत राहिला. अब्बांना एकदा, फक्त एकदा, डोळे भरून बघायचं होतं त्याला. खरं टिपायचं राहिलं, तर आता खोटं उभं करून.

अब्बांच्या कामाला लातूरचे रेणुकादास सर मिळाले. निवृत्त मास्तर, नाटकात मुरलेले. दुकान तेच, मशीन तेच. शारिकनं भर रस्त्यावर उन्हात कॅमेरा लावला. सरांनी चष्मा नाकावर घेतला, मान वर केली आणि म्हणाले, "हुआ क्या रे?" गोड म्हणाले हो!

"पुन्हा एकदा, सर."

सर पुन्हा म्हणाले. पुन्हा, आणखी पुन्हा. एकदा हळू, एकदा हसून, एकदा सुईत दोरा ओवता ओवता. दुपार कलली तरी याचं समाधान होईना. सगळं जागच्या जागी होतं, अब्बा तेवढे येईनात. शारिकचा जीव नुसता तुटून राहिला होता.

तेवढ्यात डबा घेऊन अम्मी आल्या. पदर सावरत बाजूला उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेरे अब्बा सामने कब थे रे? वो तो तेरे पिच्छे रहते थे."

शारिकनं सवयीनं मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. ऊन सरळ डोळ्यांत घुसलं. मान तर केव्हाची भाजून निघाली होती, ते त्याला आत्ता कळलं.

कॅमेरा चालूच होता. कट म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. आत दुकानात सर बसून बसून अवघडले होते. नाटक-बिटक काही नाही, दमलेल्या आवाजात त्यांनी मागून नुसतं विचारलं, "झालं का रे?"

शारिकला रडू आवरेना.

"न्हाई, अब्बा," तो म्हणाला, "थोडं थांबा अजून."