विहिणीची परात

माझे मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आष्टीजवळच्या गावात राहतात. नोकरीभर त्यांनी बस चालवली, पण बॉनेटखालचं काम डेपोतल्या लोकांचं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि ते राहिलेलं कामही अंगावर घेतलं.

त्यांची मुलगी केजला दिली आहे. नातवाच्या बारशाला ही गाडी मुलीच्या सासरी अंगणात उभी राहिली आणि नव्या फरशीवर तेलाचा काळा डाग पडला. विहीणबाईंनी घरातून जुनी परात आणली आणि पाहुण्यांदेखत इंजिनाखाली सरकवली.

"लेकराला लंगोट हाय," त्या म्हणाल्या. "इवायाच्या गाडीला नको व्हय?"

मांडव हसला. मामाही हसले. पण त्यानंतर ते केजला गेले नाहीत. नातवाला भेटायचं तर मुलीलाच त्याला घेऊन यावं लागे. आता त्याचा पहिला वाढदिवस आला होता. मामांना त्याच गाडीने जायचं होतं, त्याच फरशीवर ती उभी करायची होती, आणि खाली परात नको होती.

"एसटीनं जाऊ की," मामी म्हणाल्या. "तुमचीच हाय."

"म्हंजी ती ईन म्हणंल, गाडीला घरीच निजवून आले."

मी तेव्हा सुट्टीवर होतो. मामांसोबत आष्टीच्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं आणि निकाल दिला, "तात्या, क्रँकचं पुढचं सील गेलंय." इंजिनाचा मुख्य दांडा जिथून बाहेर येतो, तिथे तेल अडवणारी रबरी कडी असते. तिच्यापर्यंत पोचायला रेडिएटर, पट्टा आणि पुली काढावी लागली.

"सावकाश रं," मामा म्हणाले. "दांड्याला चरा पाडशील."

"तात्या, एसटी तुमी चालवली. सील आमी बसवतो. बसा."

मामा बसले नाहीत. मेकॅनिकने नव्या सीलच्या कडेला तेल लावून ते सरळ दाबून बसवलं. शेजारच्या कडा गावापर्यंत चक्कर मारून गाडी परत आणली. थोड्या वेळाने खाली डाग होताच. मेकॅनिकने सीलला डुप्लिकेट ठरवलं. मामांनी मेकॅनिकला.

तेवढ्यात बाजार करून मामी आल्या. पिशवी ठेवून त्यांनी वाकून पाहिलं. "ह्यो बोळा कशाचा लोंबतोय?"

मेकॅनिकने हात घालून तो ओढला. एका नळीच्या तोंडाला सुतळीने बांधलेलं काळंकुट्ट फडकं निघालं. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, म्हणून घरोघरी नळाच्या तोंडाला फडकं असतं. मामांनी धूळ जाऊ नये म्हणून या नळीलाही ते बांधलं होतं. नळी मात्र इंजिनातली हवा बाहेर सोडण्यासाठी होती. फडकं तेलाने आणि धुळीने गच्च झालं होतं. कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती.

मेकॅनिकने फडकं डिझेलमध्ये खळबळलं. लाल काठ दिसला.

"ह्यो आहेराचा टॉवेल," मामी म्हणाल्या. "पोरीच्या लग्नात इनीनं दिलेला. लई हुडकला मी."

"सुती हाय," मामा म्हणाले. "चांगलं गाळतो."

सकाळपासून त्याच नळीशेजारी डोकं घालून बसलेला मेकॅनिक पाना शोधायला आत गेला. सील पुन्हा बदललं, नळी मोकळी ठेवली. या वेळी कड्याहून आल्यावर जमीन कोरडी राहिली.

वाढदिवसाला मामांनी गाडी फरशीवर उभी केली. विहीणबाई परात घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी ती खाली सरकवली. बुद्धवंदना झाली, केक कापला, जेवणं झाली. निघताना मामांनी स्वतः वाकून परात ओढली. तिच्यात एक फुटका फुगा होता.

विहीणबाईंनी परात तिरपी करून पाहिली. "कोरडीच हाय की. तेल संपलं वाटतं, इवाई."

मामांनी बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची पट्टी ओढून काढली. ती आधी पुसून पुन्हा बुडवावी लागते. त्यांनी पुसायला काही आहे का पाहिलं. खांद्यावर नुकताच मिळालेला आहेराचा टॉवेल होता.

"अवो," मामी म्हणाल्या. तोवर पट्टी पुसून झाली होती.

तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. विहीणबाईंनी पट्टी पाहिली, मग टॉवेल.

"पुढच्या बारीला काळाच देते," त्या म्हणाल्या, आणि परात घेऊन आत गेल्या.